अकरा पॉइंट चार

एप्रिल आला की आमच्या प्रयोगशाळेतले पंखे बंद होतात. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. अख्खी मुंबई ज्या महिन्यात पंख्याखालून हलत नाही, त्याच महिन्यात आम्ही पंखे बंद करतो, कारण तेव्हाच प्रॅक्टिकलच्या परीक्षा असतात आणि वजनकाट्याला वारा चालत नाही. काट्याच्या खोलीत एवढीशी झुळूक आली तरी दशांशचिन्हापुढचा चौथा आकडा नाचायला लागतो. मग वीस मुलं, दोन परीक्षक आणि प्रयोगशाळेतले एक मदतनीस मामा असे सगळे घामाने निथळत, श्वाससुद्धा बेताने घेत, तो आकडा स्थिर होण्याची वाट बघतो. मी चौतीस वर्षं ही वाट बघते आहे. हा एप्रिल शेवटचा. लोक विचारतात, आता कॉलेज सुटणार म्हणून वाईट वाटतंय का? वाईट वगैरे काही नाही, मी दमले आहे.

गिरगावातून सकाळी निघताना चाळीच्या गॅलरीत कैऱ्या फोडायचं काम चाललेलं असतं. शेजारच्या काकू विळीवर बसलेल्या असतात. "निघालीस गं परीक्षेला?" असं त्या मला विचारतात, जणू परीक्षा माझीच आहे. मी हो म्हणते. बसने परळला उतरेपर्यंत पाठ ओली झालेली असते. कॉलेजच्या खिडकीतून पूर्वी गिरणीचं धुराडं दिसायचं. आता तिथे काचेचा टॉवर आहे, आणि दुपारी दीड वाजता त्याच्या काचांवरून उलटून येणारं ऊन थेट आमच्या ब्युरेटवर पडतं. मी खिडकीला जुना पांढरा कोट टांगते. त्याच्या खिशात अजून कुणाचा तरी रुमाल आहे.

काकूंनी मला एकदा विचारलं होतं, "तू नक्की शिकवतेस तरी काय? स्फोट वगैरे का?" मी म्हटलं, "नाही हो. कशात काय आहे आणि किती आहे, एवढंच शोधायला शिकवते." त्या म्हणाल्या, "मग एवढी वर्षं कशी लागली?" त्यांचंही बरोबर आहे. पण त्या 'किती'मध्येच सगळी वर्षं गेली. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची उभी, उंच नळी. तिच्यातून थेंब थेंब सोडत राहायचं, खालच्या फ्लास्कमधला रंग बदलला की थांबायचं, आणि नळीवरचा आकडा वाचायचा. तो वाचताना डोळा द्रवाच्या बरोबर पातळीत हवा. जरा वरून बघितलं तर कमी दिसतं, खालून बघितलं तर जास्त. माझी उंची पाच फुटाला दोन इंच कमी, म्हणून मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी घरून जेवायला बसायचा एक पाट नेला. त्याच्यावर उभं राहून मी रीडिंग घ्यायचे. मुलं त्याला 'मॅडमचा पाट' म्हणतात. हळूहळू सगळ्या बुटक्या मुलींचा तो हक्काचा झाला.

रीडिंग तीन वेळा घ्यायचं असतं. तीनही जुळली की मान्य. हे सगळं पुस्तकातलं. पुस्तकात नसलेलं सांगायचं तर परीक्षेतलं रीडिंग फुटतं. कॉलेजात गेलेल्या कुणालाही विचारा. परीक्षकाचं बरोबर उत्तर एका चिठ्ठीवर ड्रॉवरमध्ये असतं, आणि मुलांना द्यायचं द्रावण ज्यांनी बनवलं त्या मामांना ते तोंडपाठ असतं. आमचे गुरवमामा मऊ काळजाचे. धुवायची बाटली घेऊन टेबलांमधून फिरता फिरता ते छताकडे बघत आकडा पुटपुटायचे, आणि तो पाच मिनिटांत देवळातल्या खोबऱ्यासारखा सगळ्यांच्या हातावर पडायचा. मी तेव्हा नेमकी व्हायवाच्या यादीत डोकं घालून बसलेली असायचे. मुलं पास व्हायची, निकाल बरा लागायचा, वर्षं पुढे सरकायची. हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं आणि मी त्याला कधी नाव ठेवलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

असं असताना विज्ञान-संवादाचा विषय माझ्या गळ्यात पडावा, यात जरा गंमतच होती. विद्यापीठाने नवा ऐच्छिक विषय आणला, विज्ञान लोकांना कसं सांगायचं यावर, आणि तो कुणालाच नको होता. विभागाच्या मीटिंगमध्ये सगळे एकदम आपापल्या वह्यांत बघायला लागले. मी चष्मा पुसत होते, तेवढ्यात माझं नाव लिहिलं गेलं. पहिले दोन आठवडे मी नुसती चिडलेली होते. मग मात्र तो विषय आवडायला लागला, आणि ह्या वयात काहीतरी आवडतंय याचंच नवल वाटलं. पहिल्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहायचे: जे दिसलं ते सांगायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. मग मुलांना आपापल्या माणसांत पाठवायचं. एक साधी चाचणी करा, ती समजावून सांगा, आणि समोरच्याने काय विचारलं ते लिहून आणा.

माहीमच्या कोळीवाड्यातल्या एका मुलाने आईच्या पाटीजवळ उभं राहून मासा किती तासांनी खराब होतो, ते गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला एक बाई म्हणाली, "म्हणजे हे पापलेट शिळं आहे का?" आईने त्याला तिथूनच घरी पिटाळलं. त्याने ते सगळं प्रामाणिकपणे लिहून आणलं होतं, आईच्या शिव्यांसकट. मी त्याला चांगले मार्क दिले.

प्रणाली त्याच वर्गात होती. लालबागची, चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी. आजोबा गिरणीत होते, वडील कुरिअरच्या ऑफिसात, मूळ गाव मालवणकडचं. उंचीने माझ्याएवढीच, म्हणून पाटाची दुसरी मालकीण. फार हुशार म्हणावी अशी नव्हती, पण हट्टी होती. रीडिंग जुळलं नाही तर सगळे गेल्यावरही ओट्याशी उभी राहायची. तिने चाळीतल्या नळाचं पाणी घेतलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. ते उरलंय का, हे बघायला पाण्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर आहे, नाही आला तर नाही. मी बघायला गेले होते. गॅलरीत आठदहा बायका, कपड्यांच्या दोऱ्यांखाली मांडलेल्या खुर्च्या, आणि मधोमध तिची आजी. प्रणालीने छान समजावलं. पिवळा रंग आला तेव्हा बायकांनी मान डोलावली. आजी मात्र ढिम्म.

"ता सगळा ऱ्हवांदे," आजी म्हणाली. "पाणी पिवचा काय नाय, ता सांग."

प्रणालीने थोडा विचार केला. "आजचं पी गो आजी. उद्याचं मी उद्या बघून सांगेन."

"म्हणजे तुका रोज बघूक व्हया?"

"हो."

"मग लगीन कधी करतलंस?"

सगळी गॅलरी हसली. प्रणालीही हसली, पण आपलं उत्तर तिने बदललं नाही. उद्याचं उद्या बघून. मी इतकी वर्षं जे शिकवायला धडपडत होते, ते ह्या मुलीने आजीला एका ओळीत सांगितलं होतं. तिच्या आईने मला कोकम सरबत दिलं. परत येताना मला इतकं बरं वाटत होतं की बसने मी दोन थांबे पुढे गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी परीक्षा आली. चार वर्षं झाली त्या एप्रिलला.

त्या वर्षी उन्हाळा फार होता. पाणीकपात चालू होती, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटल्याने परळमध्ये नळाला पाणीच नव्हतं. कॉलेजात टँकर आला होता. आमचं डिस्टिल्ड वॉटर बनवायचं यंत्र मार्चमध्येच जळालं होतं आणि त्याच्याबद्दलची पत्रं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती; तोवर विकतच्या डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनवर काम भागत होतं. त्यात माझ्याकडे तपासायच्या पेपरांचे दोन गठ्ठे, गुडघा सुजलेला, बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्या परीक्षकांची व्यवस्था, आणि मार्क भरायच्या पोर्टलचा पासवर्ड चालत नव्हता. नियम असा की मुलांना द्यायचं द्रावण परीक्षकाने त्याच सकाळी स्वतः ब्युरेटवर तपासायचं आणि आलेलं रीडिंग चिठ्ठीवर लिहायचं. मी ते केलं नाही. मामांनी किती क्षार किती पाण्यात घातलाय ते विचारलं, कागदावर गणित केलं, आणि चिठ्ठीवर 'नऊ पॉइंट सहा' लिहून ड्रॉवर बंद केला. दहा मिनिटं वाचली. त्या दहा मिनिटांत मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते, हे मला स्पष्ट आठवतं.

पंखे बंद. सगळ्या बॅचला एकच द्रावण. पूर्वी प्रत्येकाला वेगळं द्यायचो. आता तेवढी माणसं राहिली नाहीत. बारा वाजायच्या सुमारास मुलांचे चेहरे जरा गोंधळलेले दिसले. कुणी ब्युरेट पुन्हा भरत होतं, कुणी शेजाऱ्याच्या आकड्याकडे मान तिरकी करून बघत होतं. मग गुरवमामा बाटली घेऊन एक फेरी मारून आले आणि चेहरे सैलावले. मी यादीत डोकं घातलेलंच होतं. पेपर जमा व्हायला लागले. नऊ सहा, नऊ पाच, नऊ सहा, नऊ सात. शेवटी प्रणाली पाट जागेवर ठेवून आली. तिच्या कागदावर तीन रीडिंग होती: अकरा पॉइंट चार, अकरा पॉइंट चार, अकरा पॉइंट चार.

बाहेरचे सर तसे सज्जन. त्यांनी हसतच विचारलं, "काय गं, हे अकरा पॉइंट चार कुठून आणलंस?"

"ब्युरेटमधून, सर."

"बाकी सगळ्यांचं नऊ सहाच्या आसपास आहे."

"हो सर. मला ऐकू आलं होतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. गुरवमामा बेसिनपाशी उगाचच नळ पुसायला लागले. "मग?" सर म्हणाले.

"मला अकरा पॉइंट चार दिसलं. तीन वेळा."

ती हे सरांना सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती. माझ्या फळ्यावरचं वाक्य ती मलाच परत वाचून दाखवत होती, आणि मी ते ओळखलंसुद्धा. तिथे उठून तिच्या बाटलीतलं द्रावण घ्यायचं, पाटावर चढायचं, एकदा करून बघायचं, एवढंच काम होतं. पण दीड वाजला होता. सरांचा डबा टेबलावर ठेवलेला होता, काचेच्या टॉवरवरून ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं आणि मला घरी जायचं होतं. मी म्हटलं, "रंग बदलल्यावर थांबायला उशीर झाला असेल तिला. होतं असं." सरांनी मान डोलावली आणि मार्क लिहिले. रीडिंगच्या मार्कांतलं तिच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. प्रणालीने आपलं जर्नल उचललं, थँक्यू सर, थँक्यू मॅडम म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुसरी बॅच होती. मी लवकर गेले. कशासाठी गेले, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मामांनी भरून ठेवलेल्या मोठ्या कॅनमधलं पाणी एका फ्लास्कमध्ये घेतलं. नुसतं पाणी, बाकी काही नाही. त्यात तो रंग दाखवणारा इंडिकेटर घातला. पाणी शुद्ध असेल तर ते निळं व्हायला हवं. ते लाल झालं, कोकम सरबतासारखं लाल. मी त्यात ब्युरेटमधून थेंब सोडत गेले आणि निळं झाल्यावर आकडा वाचला. चिठ्ठीतल्या नऊ सहात तेवढा मिळवला की अकरा पॉइंट चार होत होते.

"मामा, हे पाणी कुठलं?"

"नळाचंच, मॅडम." मामा घाबरले नव्हते. "मशीन बंद आहे ना. कॅन संपला की मी नळाचं भरतो. आपलं मुंबईचं पाणी काय खारं आहे का? तुम्हीच सांगता ना, तलावाचं पाणी, एकदम सॉफ्ट."

मीच सांगते. आणि ते खरंही आहे. ह्या शहराच्या नळाला येणारं पाणी इतकं मऊ आहे की मामांची ही युक्ती एरवी कुणाच्या लक्षातही आली नसती. पण परवा नळाला तलावाचं पाणी नव्हतंच. टाकीत टँकरचं पाणी होतं, आणि टँकर कुठल्यातरी बोअरवेलवर भरलेला. जमिनीतले सगळे क्षार त्यात होते आणि ते आमच्या द्रावणात उतरले होते. मी ओट्याला टेकून उभी राहिले. वीस मुलांच्या वीस ब्युरेटांत अकराच्या पुढचाच आकडा आला असणार. त्यातल्या एकोणीस जणांनी तो आपल्या डोळ्यांनी बघितला, आपलाच हात चुकला असं समजले, आणि नऊ सहा लिहून मोकळे झाले. एकीने दिसलं ते लिहिलं, आणि तिला मी नापासाच्या काठावर नेऊन ठेवलं.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते माझ्यापेक्षा लहान आहेत, मला ताई म्हणतात, आणि वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं.

"ताई, मार्क काल संध्याकाळीच गेले पोर्टलवर. आता उघडायचे म्हणजे अर्ज, मग चौकशी. पहिला प्रश्न काय विचारतील? बाकीच्या एकोणीस जणांचं नऊ सहा कसं आलं. दुसरा प्रश्न, परीक्षकांनी सकाळी रीडिंग काढलं होतं का. आणि मामांना रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत."

"पण त्या मुलीचं काय?"

"पास तर होतेय ना ती?"

मी गप्प बसले. मामांसाठी गप्प बसतेय, असं मी स्वतःला सांगितलं, आणि बरेच दिवस ते मला पटलंही. मामांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, मामा भोळे होते, हे सगळं खरंच होतं. पण मला भीती दुसऱ्या प्रश्नाची होती. तीस वर्षांत एकदाही शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नव्हतं, आणि ते तसंच राहावं असं मला वाटत होतं. त्या दिवशी दुकानातून विकतचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, दुसऱ्या बॅचचं रीडिंग मी स्वतः काढलं, आणि ती परीक्षा अगदी व्यवस्थित पार पडली.

निकालानंतर प्रणाली दाखल्यावर सही घ्यायला आली होती. एम.एस्सी.ला तिला आमचाच विषय हवा होता आणि यादीत तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. सही झाल्यावरही ती उभी राहिली. "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी माझं नक्की कुठे चुकलं?" तक्रार नव्हती ती. तिला खरंच शिकायचं होतं, आणि मी शिकवायला बसलेली होते. मी म्हटलं, "शेवटच्या थेंबांना तुझी घाई होते गं." तिने मान हलवली, "लक्षात ठेवीन," म्हणाली.

चौतीस वर्षांत मुलांना अनेकदा चुकीचं सांगितलं असेन. माहीत नव्हतं म्हणून, विसरले म्हणून. माहीत असून चुकीचं सांगितलेलं हे एकच वाक्य. तसं ते मी दोनदा बोलले. एकदा परीक्षकांसमोर, एकदा तिच्यासमोर. पहिल्यांदा बोलताना मला निदान खरं काय ते ठाऊक नव्हतं.

मामा रिटायर झाले. निरोपाला मुलांनी त्यांना घड्याळ दिलं. नवं यंत्र आलं, ते चांगलं चालतं. आता मी दर परीक्षेच्या सकाळी पाटावर चढते, आधी नुसत्या पाण्याची चाचणी घेते, मग द्रावणाची. नवीन शिकवायला लागलेल्या मुली आपसांत म्हणतात की मॅडम फार काटेकोर. वर्गात मी अजूनही शिकवते की चुका दोन तऱ्हांच्या असतात. हात थरथरला, डोळा हलला, तर आकडे इकडेतिकडे होतात आणि चूक लगेच कळते. पण पाण्यातच काही मिसळलं असेल तर सगळे आकडे एकाच बाजूला सरकतात, एकमेकांशी छान जुळतात, आणि सगळं ठीक आहे असंच वाटत राहतं. मुलं हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात. विज्ञान-संवादाचा तासही मी घेते. फळ्यावर ते वाक्य लिहिते. पूर्वी लिहून झालं की वर्गाकडे वळून मोठ्याने वाचायचे, आता लिहिते आणि डस्टर शोधायला लागते.

परवा रविवारी मी लालबागला मसाला कुटायला गेले. एप्रिलमधलं माझं दुसरं ठरलेलं काम. गिरगावात घरपोच तयार मसाला मिळतो, पण आमच्या आईपासूनची सवय. मिरची गल्लीतून बेडगी आणि लवंगी घ्यायची, धणे, खडा मसाला भाजून आणायचा, आणि कांडपाच्या गिरणीसमोर रांगेत पिशवी लावायची. तिथे धडाधड आवाज चाललेला असतो, हवेत तिखट उडत असतं आणि रांगेतला प्रत्येक जण शिंकत, खोकत, डोळे पुसत असतो. माझ्यापुढे चार पिशव्या सोडून एक मुलगी उभी होती, ओढणी नाकाला बांधलेली. तिने ती खाली केली आणि म्हणाली, "मॅडम?"

प्रणालीच होती. बरोबर आई. आईने मला लगेच ओळखलं आणि हात धरून सावलीत ओढलं. "मॅडम, तुम्ही आमच्या घरी आलेलात. आजी गेली हो गेल्या वर्षी. शेवटपर्यंत पाणी प्यायच्या आधी हिलाच विचारायची, बघितलंस काय गो म्हणून." मग कुणीतरी पिशवी पुढे सरकवा म्हणून ओरडलं आणि त्या रांगेकडे धावल्या.

प्रणाली करी रोडच्या एका टॉवरमधल्या विम्याच्या ऑफिसात काम करते. चांगलं चाललंय म्हणाली. मी विचारलं, "केमिस्ट्री सोडलीस पूर्ण?"

"सोडली, मॅडम. हात नव्हता ना माझा त्यात." ती अगदी सहज म्हणाली, हसून. "तुम्ही सांगितलेलं, शेवटी घाई होते. ते एकदम बरोबर होतं. आता बघा ना, ऑफिसात साधा मेल पाठवायचा तरी तीन-तीनदा चेक करते. सगळे चिडवतात. मी सांगते, माझ्या मॅडमनी सांगितलंय, माझी घाई होते."

मला आधी खोकला आला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिथे कुणी त्याची दखल घ्यायचं कारण नव्हतं. मला पुन्हा गप्प बसता आलं असतं. पुढच्या महिन्यात मी रिटायर होते आहे, मामा गावी आहेत, मार्कांचं आता काहीच होणार नाही. बोलून कुणाचं काय भलं होणार, हा हिशेबही डोक्यात येऊन गेला. पण चार वर्षं ही मुलगी एका खोट्या वाक्यावर आपलं आयुष्य तपासून बघत होती, आणि ते वाक्य माझं होतं.

"प्रणाली," मी म्हटलं, "तुझी घाई होत नव्हती. तुझं रीडिंग बरोबर होतं. अकरा पॉइंट चार. पाणी टँकरचं होतं, क्षारांनी भरलेलं. चूक आमची होती. माझी होती. मी सकाळी रीडिंग काढलंच नव्हतं."

तिला ते लगेच कळलं; शेवटी केमिस्ट्री शिकलेली मुलगी. ती काही क्षण मनातल्या मनात आकडेमोड करत असावी. मग तिचं हसू गेलं.

"तुम्हाला कधी कळलं, मॅडम?"

फळ्यावरचं वाक्य माझंच होतं. जे दिसलं ते सांगायचं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"म्हणजे मी सही घ्यायला आले तेव्हा..."

"तेव्हा माहीत होतं."

ती रागावली असती, रडली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. माफ कर असं मी म्हटलं, पण ते गिरणीच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. मग ती वळली आणि तिने रांगेत पुढे उभ्या असलेल्या आईला हाक मारली.

"आई! माझं बरोबर होतं!"

गिरणी धडधडत होती. आईने कानाला हात लावला. "काय गो?"

"माझं बरोबर होतं!" प्रणाली ओरडली, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, सगळ्या ताकदीने. "परीक्षेत! तेव्हा! माझं रीडिंग बरोबर होतं!"

रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. गिरणीवाल्याने मशीन बंद केलं. तिच्या आईने आधी मुलीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.